उलटा फोम

विमानात मी सीट उघडली. लोकांना वाटतं मी वाढवून सांगते, पण खरंच उघडली. गादी बाहेर काढली, तिचं कव्हर सोडलं, आतला फोम फिरवला आणि परत भरला. हे सगळं ढगांच्या वर, माझी दहा महिन्यांची पोरगी शेजारच्या काकूंच्या मांडीवर भोकाड पसरून रडत असताना. ऐकणारे पहिलं हेच विचारतात, तुला भीती नाही वाटली का गं? वाटली ना. मला तर लिफ्टची पण भीती वाटते, सरकत्या जिन्याची पण वाटते, इंग्रजीत कोणी काही विचारलं तरी वाटते. पण भीती वाटते म्हणून उलट्या फोमवर नऊ तास बसायचं, हे कुठे लिहिलंय?

नवरा लंडनला एका हॉटेलात कुक आहे. तो गेला तेव्हा मला सातवा महिना होता. पोरगी झाली, बारसं झालं, रांगायला लागली, दोन दात आले, हे सगळं त्याने मोबाइलवर बघितलं. पोरीला विचारलं ना, बाबा कुठेय, तर ती मोबाइलकडे बोट दाखवायची, आणि मोबाइल चार्जिंगला लावलेला असला तर त्या भिंतीकडे. बाकीच्यांना हसायला यायचं. मला नाही यायचं.

आमचे कागद झाले, व्हिसा झाला, तिकीट आलं. मग सासूबाईंनी नवीनच काढलं. त्या मालवणकडच्या. कांदिवलीला चारकोपच्या सेक्टरमधल्या आमच्या बैठ्या घरात त्यांचाच शब्द चालतो. म्हणाल्या, "तू जा. चेडू हय रवांदे. दोन वर्षाचा झाला की मगे ने."

मी म्हटलं, "तिला ठेवून मी तिकडे काय करू?"

"नऊ तास बसाचा आसा विमानात, मांडयेर पोर घेवन. तुका जमाचा नाय गो. तुझी पाठ काय ती, आमी बघतंव नाय?"

पाठीचं खरं होतं. सिझर झालं तेव्हा मणक्यात इंजेक्शन दिलेलं, तेव्हापासून अर्धा तास एका जागी बसले की कमरेत कोणीतरी स्क्रू पिळतंय असं वाटायचं. पण मी म्हटलं, जमेल. त्या म्हणाल्या, "बसून दाखव."

मग काय, कपाट आणि फ्रिजच्या मधे प्लास्टिकची खुर्ची लावली. नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर हाताने माप दाखवलं होतं, एवढी रुंदी, पुढे गुडघ्याला एवढी जागा. सासूबाईंनी समोर शिलाई मशीन आणून टेकवलं, म्हणजे पाय पसरता येऊ नयेत. कंबरेला ओढणी बांधली, बेल्ट म्हणून. मांडीवर पोरगी दिली आणि भिंतीवरचं घड्याळ बघून म्हणाल्या, "सुटला विमान."

शेजारच्या दोघीतिघी बघायला आल्या. एकीने चहा आणून दिला, म्हणे विमानात देतात ना. एक म्हणाली, "अगं हवाईसुंदरी, मला पण एक कप दे." मी हसत होते सुरुवातीला. चाळीस मिनिटांत रडायला लागले. पोरगी माझे केस ओढत होती, कंबर फुटत होती, आणि सासूबाई पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या, वर बघून म्हणाल्या, "अजून मुंबय पण सुटाक नाय."

मी ओढणी सोडली नाही. एक तास दहा मिनिटं बसले. मग पोरीने शू केली आणि विमान उतरलं.

पण जाणार म्हटलं की जाणार. दोघीच जाणार. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पाचव्या दिवशी पोरीसाठी नाचणीचं सत्त्व भाजायला बसल्या.

नवऱ्याने फोनवर मला पढवलं. "हे बघ, कोणाशी वाद घालायचा नाही. कोण काय बोललं तर ओके म्हणायचं, थँक्यू म्हणायचं. वाद घातला ना की उतरवतात." मी म्हटलं, उतरवतात म्हणजे? तर त्याने एक व्हिडिओ पाठवला. विमानात एक माणूस सीटवरून काहीतरी भांडत होता, बाजूचे सगळे मोबाइल काढून त्याचं शूटिंग करत होते, मग दोन पोलीस आले आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेले. तो व्हिडिओ मी वीस वेळा तरी बघितला असेल. रात्री डोळे मिटले की त्या माणसाच्या जागी मी दिसायची, कडेवर पोरगी, हातात कागदांची फाइल, आणि परत चारकोप.

विमानतळावर दारापर्यंत सासूबाई आल्या. आत त्यांना सोडत नव्हते. पोरीचा पापा घेतला, तिच्या कानामागे काजळाचं बोट लावलं आणि मला म्हणाल्या, "नाय जमला तर परत ये. दार उघडा आसा."

मायेने म्हणाल्या, मला माहितेय. पण ते वाक्य माझ्या मानेवर बसलं ते बसलंच.

आता इथे थोडं मागे जाऊन सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दहावीला मी गणितात आणि इंग्रजीत गेले. परत बसायचं घरी कोणी बोललं नाही, मी पण नाही बोलले. सतराव्या वर्षी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात कामाला लागले. रिक्षाच्या सीटा बनवायचा गाळा. रेक्झिन कापायचं, शिवायचं, आत फोम भरायचा. तिथले कारागीर एक म्हातारे चाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, तोंडात कायम खिळे, त्यामुळे कमी बोलायचे. रिक्षाची मागची गादी सपाट दिसते पण सपाट नसते. पुढे, मांडीखाली, फोम जाड असतो, मागे पातळ. म्हणजे माणूस मागे टेकून बसतो, ब्रेक लागला तरी पुढे सरकत नाही. बसणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याला नुसतं बरं वाटतं.

पहिल्याच आठवड्यात मी अकरा गाद्या उलट्या भरल्या. जाड बाजू मागे, पातळ पुढे. वरून कव्हर चढलं की दोन्ही सारखंच दिसतं ना. चाचांनी एका गादीवर हात फिरवला. बाहेर एक रिक्षावाला सीट बदलायला आलेला, त्याच्या रिक्षेत ती गादी टाकली, मला म्हणाले, बैठ. आणि त्याला म्हणाले, हिला जोगेश्वरीपर्यंत फिरवून आण, आणि ब्रेक नीट मार.

मी प्रत्येक सिग्नलला त्या रिक्षावाल्याच्या पाठीवर. पाय रोवून रोवून मांड्या थरथरायला लागल्या. रिक्षावाला सारखा आरशात बघायचा आणि म्हणायचा, "ताई, पुढे येऊन चालवायला बसता का?" परत आले तेव्हा उतरताना गुडघे वाकत नव्हते. चाचांनी तोंडातले खिळे काढले.

"अब बदन को याद रहेगा," ते म्हणाले, "दिमाग को रहे ना रहे."

मग अकराच्या अकरा मी उसवल्या.

त्यानंतर सात वर्षं मी त्या गाळ्यात होते, पोटात पोर असताना आठव्या महिन्यापर्यंत जात होते. किती सीटा भरल्या मोजल्या नाहीत. उलटी एक पण नाही भरली.

तर विमान. दुपारचं होतं, ऊन लख्ख. पाळण्याची सोय असते म्हणे पुढच्या भिंतीपाशी, पण त्या जागा आधीच गेलेल्या. माझी सीट मागे, तिघांमधली मधली. खिडकीत एक कॉलेजची मुलगी, कानात हेडफोन. बाहेरच्या बाजूला एक काकू, मुलुंडच्या, साठीच्या असतील, गळ्यात ती फुगवायची उशी आणि पायात लोकरीचे मोजे. मी फाइल छातीशी धरून उभी होते तर मला म्हणाल्या, "ये बाळा, आत ये. पहिल्यांदा ना? माझी चौथी खेप. मुलाकडे जाते. विचार काय विचारायचं ते."

मी सरकून बसले. पोरीला मांडीवर घेतलं.

आणि बसल्याबसल्या माझ्या मांड्यांना जोगेश्वरीचा रस्ता आठवला.

शप्पथ सांगते, डोक्याला काही कळायच्या आधी पायांना कळलं. पाय आपोआप खाली रोवले गेले. गादी मला पुढे ढकलत होती. मी मागे सरकून बसले, परत पुढे. वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, विमानाची सीट अशीच असेल, ह्यांनी काय रिक्षाची सीट लावलीय का.

एअर होस्टेस आली, पोरीसाठी छोटा बेल्ट घेऊन. तो माझ्या बेल्टमध्ये अडकवला आणि पोरीच्या पोटाभोवती बांधला. म्हणाली, "ओके मॅम?" मी म्हटलं, ओके. थँक्यू.

विमान पळायला लागलं. मी सीटला बांधलेली, पोरगी मला बांधलेली, आणि खाली घसरगुंडी. मी दोन्ही पाय समोरच्या सीटच्या बुडाला लावले.

काकू बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पाय कशाला एवढे रोवतेस? विमान तू थांबवणार आहेस का?"

"काकू, ही सीट मला पुढे ढकलतेय."

"इकॉनॉमी आहे बाळा. ही सगळ्यांनाच ढकलते. तिकडे पुढे बसलेत ना, त्यांना पलंग. आपल्याला हे. डोळे मिट आणि देवाचं नाव घे. अॅडजस्ट करायचं."

अॅडजस्ट करायचं. हा शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकत होते, पण एवढ्या उंचीवर पण असेल असं वाटलं नव्हतं.

वर गेल्यावर काकूंनीच घंटा दाबली माझ्यासाठी. होस्टेस आली. मी हिंदीत म्हटलं, ही सीट बरोबर नाहीये, बच्ची फिसलती है. ती छान हसली, फ्लाइट फुल आहे म्हणाली, आणि एक उशी आणि एक ब्लँकेट दिलं. मी म्हटलं ओके. थँक्यू. उशी कमरेमागे घातली तर मी अजूनच पुढे. उशी मांडीखाली घातली तर पोरगी समोरच्या सीटला टेकली. कमरेतला स्क्रू फिरायला लागला होता. घड्याळ बघितलं, एक तास दहा मिनिटं. आमच्या फ्रिजच्या बाजूचं विमान ह्या वेळेला उतरलं होतं.

मग जेवण आलं. समोरचा टेबल उघडला की मांडी आणि टेबल ह्यात जागा किती उरते, तर एक पोर कसंबसं मावेल एवढी. मी म्हटलं मला नको, पण होस्टेसने ठेवलं. काकूंचं जेवून झालेलं, त्यांच्यापुढे गरम चहा. पोरीला भरवायचं म्हणून तिचा बेल्ट सोडला होता. मी एका हाताने तिला धरलं होतं, दुसऱ्या हाताने नाचणीचा डबा उघडत होते. विमान जरासं हललं. जरासंच. पोरगी माझ्या मांडीवरून सटकली, टेबलाखाली गेली, तिचं कपाळ टेबलाच्या कडेला लागलं आणि काकूंचा चहा हेलकावला. काकूंनी कप वर उचलला म्हणून बरं. दोन थेंब त्यांच्या मोज्यावर पडले.

पोरगी आधी गप्प झाली. ते गप्प होणं वाईट असतं, आयांना माहितेय. मग रडली. कपाळावर लाल वळ, माझ्या करंगळीएवढा.

मला त्या वेळी सासूबाईंचा आवाज आला, अगदी कानात. तुका जमाचा नाय गो.

आणि मला राग आला. त्यांचा नाही. स्वतःचा पण नाही. त्या गादीचा आला. मी सात वर्षं माणसं पुढे सरकू नयेत म्हणून फोम भरला, अख्ख्या कांदिवलीच्या रिक्षांमध्ये लोक माझ्या गादीवर आरामात मागे टेकून जातात, आणि माझीच पोर सरकते?

टेबल मिटला. वाकून बघितलं. गादीच्या पुढच्या कोपऱ्यात कापडाला सुरकुत्या होत्या, ढगळ, चिमटीत येतील एवढ्या. हात मागे घालून बघितलं, तिथे कापड ताणून टम्म. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, जरा उठतेस का, तिची गादी दाबून बघितली. पुढे टम्म, मागे सपाट. काकूंची पण तशीच भरलेली, पुढे जाड.

"काकू," मी म्हटलं, "माझ्या सीटचा फोम उलटा भरलाय."

"तुला कसं कळलं?"

"मी भरलाय तसा. अकरा वेळा."

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. मग परत घंटा दाबली.

होस्टेस आली. मी सांगितलं, कव्हर धुवायला काढलं असेल, परत घालताना फोम उलटा गेला, होतं असं, कोणाची पण चूक होते. मला पाच मिनिटं द्या, मी करते. तिला मी काय बोलतेय ते कळत होतं, पण कोण बोलतंय ते कळत नव्हतं बहुतेक. ती म्हणाली, "मॅम, लंडन पहुँचके इंजिनियर देख लेंगे."

"लंडनला मी उतरणारच आहे ना. मग बघून मला काय?"

"प्लीज, आप बैठ जाइये."

आता इथे ओके म्हणायचं होतं. थँक्यू म्हणायचं होतं. नवऱ्याने तेच सांगितलं होतं. माझ्या तोंडात ओके आलं पण होतं.

मी म्हटलं, "नाही बसणार."

ती कोणालातरी बोलवायला गेली. मी पोरीला काकूंकडे दिलं. काकू म्हणाल्या, "अगं काय करतेस?" पण घेतलं. खिडकीतली मुलगी पाय वर घेऊन सीटवर गोळा होऊन बसली, हेडफोन काढलेला. मी गादीच्या पुढच्या कडेखाली हात घातला आणि वर खेचली, रिक्षाची उचलतो तशी. चर्र करून निघाली. नुसती चिकटपट्टीवर होती, लहान मुलांच्या बुटांना असते तसली. रिक्षाच्या गादीखाली पाना, पक्कड, एखादी पाण्याची बाटली असते. इथे खाली एक पिशवी अडकवलेली, आत काहीतरी घडी केलेलं. मी म्हटलं हे मधेच कशाला, बाजूला करावं, म्हणून हात लावला.

"मॅम! डोन्ट टच!"

अख्ख्या विमानाने मागे वळून बघितलं असेल. ते लाइफ जॅकेट होतं. विमान समुद्रात पडलं तर घालायचं. मला काय माहीत! सुरुवातीला सांगत होते तेव्हा मी पाय रोवत होते.

मी हात मागे घेतला, पण गादी सोडली नाही. दोन होस्टेस आल्या. मागून एक मोठा साहेब येत होता, कानापाशी केस पिकलेले, त्यांचा वरचा असावा. आणि मी वर बघितलं तर दोनतीन जण उभे राहिले होते आणि त्यांच्या हातात मोबाइल.

तो व्हिडिओ. मी त्या व्हिडिओत गेले होते.

कान बंद झाले माझे. मला वाटलं संपलं, आता विमान वळवतील, खाली पोलीस असतील, दंडाला धरतील, परत चारकोप, दार उघडंच आहे, आणि पोरगी परत भिंतीकडे बोट दाखवेल. रडायला येत होतं. पण हातात गादी होती ना. गादी हातात असली की माझे हात थरथरत नाहीत, तशी सवयच नाही त्यांना.

साहेब म्हणाला, "क्या प्रॉब्लेम है?"

मी म्हटलं, आणि आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले, "उतारना है तो उतार दो! पण बसेन तर बरोबर सीटवर बसेन! माझी पोर नाही आपटणार परत!"

काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अगं, उतरवणार कुठे? खाली समुद्र आहे."

खिडकीतली मुलगी फिस्सकन हसली. मग मागचं कोणीतरी हसलं. साहेबाच्या पण मिशीत काहीतरी हललं. काकूंनी तेवढ्यात पोरीचं कपाळ पुढे केलं आणि त्याला शुद्ध मराठीत सुनावलं, "हे बघा. हे मघाशी झालं. आता तुमच्या होस्टेसबाई म्हणतात लंडनला बघू. ह्या मुलीचं ऐकून घ्या आधी, तिला त्यातलं कळतं." ह्याच काकू मघाशी मला अॅडजस्ट कर सांगत होत्या.

मी साहेबाला गादी दाखवली. इथे दाबा. त्याने अंगठ्याने दाबलं. आता इथे. दाबलं. मग त्याचा हात धरून काकूंच्या सीटची पुढची कड दाबायला लावली. त्याचा चेहरा बदलला. माणसाच्या अंगठ्याला कळलं की तोंडाला नाही म्हणता येत नाही.

"कितना टाइम?" तो म्हणाला.

"पाच मिनट."

"जॅकेट को हाथ नहीं लगाना."

"नहीं लगाती. मुझे समुद्र में नहीं जाना है."

तो तिथेच वाटेत पाठ करून उभा राहिला, बाकीच्यांना दिसू नये म्हणून असेल किंवा नियम मोडताना स्वतःला दिसू नये म्हणून असेल. होस्टेसने मोबाइलवाल्यांना बसवलं.

कव्हर मागून चिकटपट्टीनेच बंद होतं, आतमध्ये अजून एक राखाडी कापड. दोन्ही सोडली. फोम बाहेर काढला. हलका होता, आमच्यापेक्षा बारीक भोकांचा, पण फोमच तो. पुढे जाड, मागे पातळ, वेडा पण ओळखेल. नवीन पोरी फोम भरताना ढकलत बसतात, तो आत गोळा होतो. तसं नाही करायचं. मधे घडी घालायची, करंजीसारखी, कव्हरात आतपर्यंत न्यायची आणि सोडायची, तो आपला आपण उघडतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. मग चारी कोपऱ्यांना आतून मूठ मारायची. मी मूठ मारत होते आणि पोरगी रडायची थांबून बघत होती. तिने हे पोटात असताना आठ महिने ऐकलंय, तिला आवाज ओळखीचा असेल.

पट्ट्या लावल्या. गादी जागेवर दाबली, वरून गुडघ्याने एक दणका. पुढचा कोपरा टम्म.

साहेब म्हणाला, "रुको," आणि मला नि काकूंना वाटेत यायला सांगून आधी स्वतः बसला. मागे टेकला. थोडा हलला. उठला. म्हणाला, "आप कहाँ काम करती हैं?"

"चारकोप," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जसं काही चारकोपला विमानांचा कारखानाच आहे, आणि गेला. थोड्या वेळाने ती पहिली होस्टेस आली, रुमालात बर्फ घेऊन, पोरीच्या कपाळासाठी. "सॉरी मॅम," म्हणाली हळू. मी म्हटलं, ओके. ह्या वेळचं ओके खरं होतं.

मी बसले. पाय रोवले नाहीत. नुसते ठेवले.

आता कोणी म्हणेल मग आराम मिळाला. कसला आराम! सीट ती एवढीच. गुडघे समोरच्याला लागतच होते, आणि समोरचा मधेच सीट मागे टाकायचा तेव्हा माझ्या नाकापुढे त्याचं टक्कल. कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. कंबर दुखतच होती. लोकांना पाच तासांनी मुंग्या येतात, मला केसांच्या मुळापर्यंत आल्या होत्या. पण मी सरकत नव्हते. पोरगी माझ्या पोटावर पालथी पडून झोपली, बेल्ट जागेवर, तोंडातून लाळ माझ्या ड्रेसवर, अडीच तास. खिडकीबाहेर ऊन संपतच नव्हतं, आम्ही त्याच्या मागे मागे चाललो होतो म्हणे.

काकूंनी मला कोपराने ढोसलं.

"माझी पण बघ ना गं जरा."

मी हात लांब करून त्यांची गादी दाबली. सोडली. परत दाबली. "काकू, तुमचा बरोबर भरलाय. पण मेलाय."

"मेलाय म्हणजे?"

"दाबलेला परत वर येत नाहीये. लय वर्षं लोक बसलेत त्याच्यावर. त्याला इलाज नाही."

"मग मी काय करू?"

माझ्या जिभेवर आलं होतं, अॅडजस्ट करा. पण त्यांनी माझ्या पोरीला धरलं होतं ना. मी माझी उशी आणि ब्लँकेटची घडी करून त्यांच्या बुडाखाली दिली, नीट, जाड बाजू पुढे. त्या टेकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चार खेपा झाल्या माझ्या. चारही वेळा मला वाटलं, आता आपलं वय झालं म्हणून दुखतं."

उतरल्यावर लंडनच्या विमानतळावर इंग्रजीत विचारणारे पण होते, भीती पण वाटली, पण उभी राहिले. कागद दिले. ठप्पा मारला. दार उघडलं तर समोर गर्दीत नवरा, बारीक झालेला, अंगात त्याच्या मापाचं नसलेलं जाकीट. पोरीकडे हात पसरले त्याने. पोरीने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं, परत त्याच्याकडे, आणि तोंड वाकडं करून रडायला लागली. तो पण. मी तिला त्याच्याकडे दिलंच. रडू दे म्हटलं, धर.

त्याने तिच्या कपाळावरचा वळ बघितला. मग मला विचारलं, "कोणाशी वाद नाही ना घातलास?"

"घातला."

त्याचा चेहरा पडला. "मग?"

"मग काय? आले ना."

घरी पोचून मी सासूबाईंना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "बसलंस?" मी म्हटलं, बसले. मग म्हणाल्या, "चेडवाक दाखव," आणि मी मोबाइल पोरीपुढे धरला. आता बाबाच्या जागी त्या मोबाइलात गेल्या.

मग चाचांना आवाजातला मेसेज पाठवला, सगळं सांगितलं, सुरकुती, करंजी, साहेब, लाइफ जॅकेट. चार मिनिटांचा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. शाब्बास वगैरे काही नाही. मागे गाळ्यातली मशीन चालू होती आणि तोंडात खिळे होते, आवाजावरून कळत होतं.

"आगे फोम कितना था?"

मी सांगितलं, चार बोटं. मागे दोन.

"नौ घंटे के लिए?" चाचा म्हणाले. "कम है. उनको बोल."